ब्राउझर चालवणाऱ्या टूलचं डॉक्युमेंटेशन एआय एजंटला कळेल असं कसं लिहावं?

तुमचा प्रश्न असा आहे: प्लेराइटवर (ब्राउझर कोडने चालवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीवर) बेतलेली टूल्स एजंटच्या, म्हणजे स्वतः पावलं ठरवून काम करणाऱ्या एआयच्या, हाती दिली, प्रत्येकाचं वर्णनही लिहिलं, तरी तो एकाच जागी पुन्हापुन्हा क्लिक करत अडकतो. मग वर्णनात लिहायचं तरी काय?

मी हेच काम करते. टूल काय करतं हे तर त्याच्या नावावरूनच कळतं. ते वापरल्यावर पानावर काय बदलतं आणि फसलं तर पुढचं पाऊल कोणतं, हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलंच नसतं. एजंट अडकतो तो तिथेच.

आमच्याकडचा एक प्रसंग सांगते. टेस्टिंगच्या एका फॉर्ममध्ये जिल्हा निवडला की तालुक्यांची यादी सर्व्हरवरून नव्याने येते. आमचा एजंट पानाचं चित्र बघत नाही, पानाचा स्नॅपशॉट वाचतो. म्हणजे स्क्रीन रीडरला दिसतो तसा मजकूर: हे बटण, ही यादी, आणि अशा प्रत्येक एलिमेंटपुढे एक रेफ, म्हणजे त्याची ओळखखूण, समजा ई१४. मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये आणलेलं प्लेराइट एमसीपीही (एजंटला प्लेराइट जोडून देणारा सर्व्हर) याच पद्धतीने चालतं. एजंटने सातारा निवडलं आणि जुन्याच रेफवर कराड निवडायला गेला. उत्तर आलं, ‘एलिमेंट सापडला नाही’. त्याला वाटलं पान हळू उघडतंय. पाच सेकंद थांबला, पुन्हा तोच रेफ. असं नऊ वेळा.

त्या टूलचं वर्णन होतं, ‘दिलेल्या एलिमेंटवर कृती करतं’. यात चुकीचं काही नाही, पण त्याला मदत होईल असंही काही नाही. आता तिथे असं लिहिलंय: ‘रेफ फक्त सर्वांत ताज्या स्नॅपशॉटमधला द्या. पान बदललं, यादी नव्याने भरली किंवा पॉपअप उघडला, तर आधी नवा स्नॅपशॉट घ्या.’ त्याहून जास्त फरक पडला तो एरर मेसेज बदलल्यावर: ‘रेफ ई१४ आता पानावर नाही. थांबून उपयोग नाही. नवा स्नॅपशॉट घेऊन त्यातला रेफ वापरा.’ सुरुवातीला वाचलेलं वर्णन वीस पावलांनंतर मागे पडलेलं असतं. एरर मात्र अगदी गरजेच्या क्षणी समोर येतो. म्हणून मी एरर मेसेजही डॉक्युमेंटेशन समजूनच लिहिते, आणि तुमच्या जागी असते तर सुरुवात तिथूनच केली असती.

दुसरी गोष्ट, टूल कुठे चालत नाही ते स्पष्ट लिहा. प्लेराइटचं ‘सिलेक्ट ऑप्शन’ (यादीतला पर्याय निवडणारी कृती) फक्त एचटीएमएलच्या खऱ्या सिलेक्टवर, म्हणजे ब्राउझरच्या स्वतःच्या यादीवर, चालतं. आजकालच्या कितीतरी साइटवरचा ड्रॉपडाउन हा डिव्हला, म्हणजे पानावरच्या साध्या चौकटीला, दिलेला नुसता वेष असतो; तिथे क्लिक करून यादी उघडायची, मग पर्यायावर क्लिक करायचं. तारखेचंही तसंच. ब्राउझरच्या स्वतःच्या तारखेच्या रकान्यात स्क्रीनवर ०५/०३/२०२५ दिसत असलं, तरी ‘फिल’ला (रकाना भरणाऱ्या कृतीला) २०२५-०३-०५ असंच द्यावं लागतं. अशा ठिकाणी एक खरं उदाहरण दहा ओळींच्या स्पष्टीकरणाचं काम करतं.

थांबण्याबद्दलही एक वाक्य हवंच. क्लिक करण्याआधी प्लेराइट स्वतःच बघतं, की बटण दिसतंय का, हलायचं थांबलंय का, चालू आहे का, त्यावर दुसरं काही आलेलं नाही ना. हे सांगितलं नाही तर एजंट प्रत्येक पावलाआधी तीन-तीन सेकंद थांबत राहतो. उलट ‘क्लिक झालं’ म्हणजे फॉर्म सबमिट झाला असंही नाही. खात्री कशावरून करायची, पत्ता बदलला का, पोचपावतीचा नंबर दिसला का, तेही लिहून ठेवा.

लांबीचं भान ठेवा. टूल्सची वर्णनं प्रत्येक वेळी एजंटच्या संदर्भात (तो एका वेळी समोर ठेवू शकतो त्या मजकुरात) जागा अडवतात, त्यामुळे टूल कसं बनवलं याचा इतिहास तिथे नको. पैसे भरणं, डिलीट करणं अशा परत न फिरवता येणाऱ्या कृतींसाठी मात्र माणसाच्या परवानगीशिवाय पुढे जाणं कोडमध्येच अडवा, नुसत्या सूचनेवर सोडू नका. पानावरचा मजकूर ही माहिती आहे, आज्ञा नव्हे, हेही लिहा. पण तेवढ्याने कुणी पानात पेरलेली फसवी सूचना अडतेच असं धरून चालू नका.

लिहून झालं की नव्या सेशनमध्ये एजंटला फक्त ही वर्णनं द्या, कोड दाखवू नका, आणि पाच-सहा नेहमीची कामं सांगा. मग लॉग, म्हणजे त्याच्या पावलांची नोंद, स्वतः बसून वाचा. एकच कृती सलग दोनदा दिसली, की त्याच्या आधीचा मेसेज उघडा. पुढे काय करायचं हे त्यात बहुधा लिहिलेलं नसतं. ते लिहा आणि तेच काम पुन्हा चालवून बघा.