हिशेबाचं पान: इराकच्या पैशाची व्हाउचरं कुठे आहेत?

(ग्रामपंचायतींच्या हिशेबतपासणीत नोकरी करून निवृत्त झालेल्या, रत्नागिरीत राहणाऱ्या आमच्या स्तंभलेखिका सरकारी पैशाबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं देतात. मागच्या अंकात त्यांनी इराकच्या 'तेलाच्या बदल्यात अन्न' योजनेतल्या (निर्बंधांच्या काळात संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली तेल विकून अन्न-औषधं घ्यायची योजना) लाचखोरीवर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही.)

बाई, नमस्कार. माझे थोरले भाऊ बरीच वर्षं कुवेतला गॅरेजमध्ये होते. ते सांगतात, सद्दाम पडल्यावर अमेरिकेने विमानं भरभरून नोटा बगदादला नेल्या आणि त्यातले अब्जावधी डॉलर गायब झाले. माझा मुलगा म्हणतो, काकांचं हे व्हॉट्सॲपवरचं ज्ञान. खरं कोणाचं?
— एक वाचक, खेड

भाऊंचं खरं आहे. फक्त 'गायब झाले' या शब्दांपाशी थोडं थांबायला हवं.

मे २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १४८३ क्रमांकाचा ठराव केला आणि 'इराक विकास निधी' नावाचं खातं उघडलं. त्यात इराकच्या तेलाचे पैसे, अन्न योजनेतली शिल्लक आणि परदेशांत गोठवलेली जुन्या राजवटीची मालमत्ता जमा व्हायची. खातं न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत, आणि खर्चाची सही अमेरिकेने नेमलेल्या पॉल ब्रेमर यांच्या ताब्यातल्या हंगामी प्रशासनाची. म्हणजे पैसा इराकी जनतेचा आणि पेन परक्याचं. हे एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यातूनच येतं.

नोटा खरोखर विमानाने गेल्या. त्याच बँकेच्या न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफर्डच्या केंद्रातून त्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, मालवाहू फळ्यांवर रचून, लष्करी विमानांत चढवल्या जात. फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे तिचे अध्यक्ष हेन्री वॅक्समन यांनी आकडे मांडले: सुमारे १,२०० कोटी डॉलर, २८ कोटींहून जास्त नोटा, ४८४ फळ्या, वजन ३६३ टन. २२ जून २००४ या एका दिवशीच २४० कोटी डॉलरची खेप निघाली. ब्रेमर यांचं प्रशासन ३० जूनला संपणार होतं, प्रत्यक्षात ते २८ जूनलाच संपलं. आपल्याकडे ज्यांनी ३१ मार्चची संध्याकाळ एखाद्या सरकारी कचेरीत काढली आहे, त्यांना ही घाई वेगळी समजावून सांगायला नको. ब्रेमर यांच्या प्रशासनातल्या एका अधिकाऱ्याच्या हातात २१ जूनला ६७ लाख ५० हजार डॉलर रोख ठेवले गेले, सत्ता सोपवायच्या आत सगळे वाटून होतील या अपेक्षेने. आमच्या मार्चअखेरीला निदान खोटं का होईना, बिल तरी जोडावं लागतं.

आता तो गाजलेला आकडा. इराकसाठी नेमलेले अमेरिकेचे विशेष महानिरीक्षक स्टुअर्ट बोवेन यांनी जानेवारी २००५ मध्ये अहवाल दिला. इराकी मंत्रालयांना अंदाजपत्रकातून दिलेल्या सुमारे ८८० कोटी डॉलरवर पुरेसं नियंत्रण नव्हतं, हे त्यातलं मुख्य म्हणणं. ८८० कोटी चोरले, असं त्यात कुठेही नाही. तपासनीस चोरी सिद्ध करत नाही, ते पोलिसांचं आणि कोर्टाचं काम. तो एवढंच लिहितो की खर्च झाल्याचा पुरावा समोर आला नाही. लोक हे वाचून म्हणतात, 'बघा, फक्त कागदाचा घोळ.' मी उलट म्हणेन. चोरी झाली तर निदान चोर तरी असतो. इथे कोण चोर आणि कोण प्रामाणिक, हे ठरवायचा रस्ताच आधी बंद केला गेला.

ब्रेमर यांची बाजूही सांगते, कारण ती अगदीच पोकळ नाही. देश युद्धातून बाहेर पडतोय, बँका बंद, वीज नाही, नोकरदारांना पगार नाहीत. अशा वेळी पाश्चात्त्य धाटणीचे हिशेब लगेच कुठून आणायचे? पगार वेळेवर गेले नसते तर हाल झाले असते, हे मला पटतं. पण पगारवाटपाची यादी, सही किंवा अंगठा आणि वाटणाऱ्याचं नाव, याला वीज लागत नाही. आमच्या जिल्ह्यात संगणक येण्याआधी सगळं असंच चालत होतं.

मला खरा धक्का दुसऱ्या एका उत्तराचा बसला. या प्रशासनात अर्थखात्याचं काम पाहिलेले निवृत्त ॲडमिरल डेव्हिड ऑलिव्हर यांना एका मुलाखतीत या पैशाबद्दल विचारलं गेलं. तो पैसा त्यांचा, म्हणजे इराक्यांचा होता, तेव्हा काय फरक पडतो, अशा अर्थाचं ते बोलले. माझ्यापुढे एखादा ग्रामसेवक असं बोलला असता, तर मी त्याचं दप्तर त्याच दिवशी ताब्यात घेतलं असतं.

बाई, मी ग्रामपंचायत सदस्य आहे. बनावट हजेरी म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. पण हजारोंच्या संख्येने माणसं कागदावर कशी उभी करतात?
— एक सदस्य, चिपळूण तालुका

बोवेन यांच्या त्याच अहवालात आहे: एका मंत्रालयाच्या पगारपटावर ८,२०६ सुरक्षारक्षक होते, त्यांतले ६०२ खरे असल्याची खात्री करता आली. प्रशासन एकूण सुमारे ७४,००० रक्षकांचे पगार देत होतं आणि एवढी माणसं आहेत का, हे कोणी मोजलं नव्हतं.

कशी उभी करतात? मागणी करणारा आणि वाटणारा एकच असेल आणि मधे मोजणारा कोणी नसेल, तर आठ हजार काय, ऐंशी हजारही उभी राहतात.

एका गावातल्या पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) कामाचा हजेरीपट माझ्याकडे आला होता. सगळं नीटनेटकं, अंगठे जागच्या जागी, बेरीज बरोबर. काम भर पावसात दाखवलं होतं, तेही सोडून दिलं असतं. पण गणेश चतुर्थीपासून गौरी-विसर्जनापर्यंत एकाही मजुराचा खाडा नव्हता. मुंबईची माणसं रजा टाकून, गाडीत उभ्याने गावी येतात, आणि गावातली माणसं चतुर्थीच्या सकाळी जांभ्याचे चिरे वाहतायत! मी आक्षेप लिहिला, एवढंच. पुढे वसुली लागली. सांगायचं असं की तो आक्षेप मला सुचला कारण मी इथली आहे. बगदादमध्ये जे हिशेब बघायला बसले होते त्यांतल्या बहुतेकांना अरबी येत नव्हतं, आणि ते तटबंदीच्या आतल्या भागात राहत होते. कुठल्या दिवशी तिथे कोणी कामावर जात नाही, हे त्यांना कोण सांगणार?

दक्षिणेकडच्या हिल्ला शहरातला प्रकार तर सरळ खाऊपणाचा. तिथल्या कचेरीचा पैसा रॉबर्ट स्टाइन याच्या हाती होता, सुमारे ८ कोटी २० लाख डॉलर. हा माणूस अमेरिकेत आधीच फसवणुकीच्या गुन्ह्यात तुरुंगात जाऊन आला होता. तरी नेमला. त्याने फिलिप ब्लूम नावाच्या ठेकेदाराला कामं दिली आणि मोबदल्यात रोकड व भेटी घेतल्या. २००७ मध्ये स्टाइनला ९ वर्षांची शिक्षा झाली. त्या संपूर्ण विभागाच्या तपासणीत सुमारे ९ कोटी ६६ लाख डॉलरचा हिशेब लागला नाही, त्यांतल्या ७२ लाखांचा तर पत्ताच नव्हता. बाकीच्यांची कागदपत्रं अपुरी. आपल्या भाषेत, तसलमात, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली आणि तिचं समायोजन, म्हणजे नंतरचा खर्चाचा हिशेब, केलंच नाही.

दुसऱ्याचा देश ताब्यात घेतल्यावर त्याची तिजोरी खर्च करायचा कायदेशीर अधिकार असतो का?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

असतो, पण विश्वस्तासारखा. युद्धासंबंधीच्या १९०७ च्या हेग नियमांप्रमाणे ताबा घेणारा सार्वजनिक मालमत्तेचा फक्त प्रशासक असतो, मालक नव्हे. कर गोळा केले तर त्यातून त्या प्रदेशाचा कारभार चालवणं त्याच्यावर बंधनकारक. १४८३ च्या ठरावानेही निधी पारदर्शकपणे, इराकी जनतेच्या गरजांसाठी वापरावा असं सांगितलं, आणि देखरेखीला एक आंतरराष्ट्रीय सल्लागार मंडळ नेमलं.

तारखा बघ. ठराव मे २००३ चा. मंडळाची कार्यकक्षा ठरली ऑक्टोबरात, पहिली बैठक डिसेंबरात, हिशेबतपासनीस कंपनीला मान्यता मिळाली मार्च २००४ मध्ये. कारभार संपला जूनमध्ये. तपासणी पोचली तेव्हा जेवणं उरकून पत्रावळी उचलल्या गेल्या होत्या.

आणि तू कायदा शिकणार असशील तर एक खटला जरूर शोधून वाच. एका सुरक्षा ठेकेदार कंपनीने खोटी बिलं लावली म्हणून अमेरिकेतच, सरकारला फसवण्याविरुद्धच्या जुन्या कायद्याखाली दावा झाला. ज्युरीने २००६ मध्ये कंपनीविरुद्ध सुमारे १ कोटी डॉलरचा निकाल दिला. न्यायाधीशांनी तो बाजूला ठेवला. कारण, ब्रेमर यांचं प्रशासन हे अमेरिकी सरकार असल्याचं सिद्ध होत नाही! २००९ मध्ये अपिलात तो निर्णय फिरला, पण प्रश्न राहतोच. इराकी कोर्टात जावं तर ब्रेमर यांच्याच सतराव्या आदेशाने परदेशी ठेकेदारांना तिथल्या कायद्यापासून संरक्षण दिलेलं. अमेरिकी कोर्टात जावं तर हा पैसाही आमचा नाही आणि ते सरकारही आमचं नाही, असा युक्तिवाद. इराकी करदात्याने जायचं कुठे?

आम्ही थिबा पॅलेसच्या जवळच राहतो. थिबा राजाचं माणिकही इंग्रजांनी असंच लाटलं ना?
— एक आजोबा, रत्नागिरी

आजोबा, तुम्ही मूळ दुखण्यावरच बोट ठेवलंत. नोव्हेंबर १८८५ मध्ये ब्रह्मदेशाची राजधानी मंडाले इंग्रजांच्या हाती पडली, तिथल्या थिबा राजाला बाहेर काढलं आणि १८८६ मध्ये आपल्याकडे आणून ठेवलं. टेकडीवरचा राजवाडा झाला १९१० मध्ये, राजा १९१६ मध्ये इथेच वारला. 'न्गा मौक' नावाचं मोठं माणिक जपायला म्हणून इंग्रज अधिकारी कर्नल स्लेडनने घेतलं आणि परत दिलंच नाही, अशी राजाची तक्रार होती. आपल्या दागिन्यांसाठी तो रत्नागिरीहून सरकारला अर्ज करत राहिला. स्लेडनने घेतलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण त्याबद्दल पावती नाही. पण परक्याचा राजवाडा ताब्यात घेताना वस्तूंची यादी करून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायची जबाबदारी ज्याच्या हातात बंदूक आहे त्याची. यादी नसल्याचा फायदाही त्यालाच मिळतो.

सगळं खापर अमेरिकेवर का? इराकी मंत्र्यांनी काय कमी खाल्लं?
— एक वाचक, कणकवली

काही कमी नाही. २००४-०५ मध्ये इराकच्या संरक्षण खात्याच्या शस्त्रखरेदीतून सुमारे १०० कोटी डॉलर गेले, तत्कालीन संरक्षणमंत्री हाझेम शालान यांना त्यांच्या गैरहजेरीत शिक्षा झाली. माजी वीजमंत्री अयहम अल-सामराई डिसेंबर २००६ मध्ये बगदादच्या कोठडीतून पसार झाले. आणि ब्रेमर यांच्या आधी सद्दामच्या राजवटीने अन्न योजनेतून १८० कोटी डॉलर वरकमाई केल्याचं त्या योजनेची चौकशी करणाऱ्या व्होल्कर समितीने ऑक्टोबर २००५ मध्ये म्हटलंच होतं. त्याच अहवालावरून आपले परराष्ट्रमंत्री नटवर सिंह मंत्रिमंडळातून गेले. आरोप त्यांनी नाकारले.

पण एक माणूस विसरू नका. भ्रष्टाचार शोधणाऱ्या इराकी आयोगाचे प्रमुख न्यायाधीश राधी अल-राधी. ऑक्टोबर २००७ मध्ये त्यांनी अमेरिकी संसदीय समितीला सांगितलं की त्यांच्या आयोगाच्या ३१ कर्मचाऱ्यांचे खून झाले. आक्षेप लिहिल्याबद्दल आमच्याकडे फार तर बदली होते. मला सिंधुदुर्गातून मंडणगडला टाकलं होतं तेव्हा मी महिनाभर कुरकुरत होते. ही माणसं रोज घरून निघताना काय विचार करत असतील?

मग पैसे सापडले का?
— तेच वाचक, खेड (दुसरं पत्र)

काही सापडले, म्हणजे त्यांची वाट सापडली. नंतरच्या तपासणीत बऱ्याच रकमा इराकच्या मध्यवर्ती बँकेकडे पोचल्याच्या नोंदी मिळाल्या. पुढे त्यांचं काय झालं, हा वेगळा प्रश्न. २०१४ मध्ये बोवेन यांच्या तपासाबद्दल एक बातमी आली: १२० ते १६० कोटी डॉलर लेबनॉनमधल्या एका खेडेगावातल्या तळघरात हलवल्याची माहिती त्यांच्या माणसांना मिळाली होती. ते पैसे परत आले नाहीत.

बाई, तुम्हाला बगदादला तपासणीला पाठवलं असतं तर पहिला कागद कोणता मागितला असता?
— एक कनिष्ठ लिपिक, देवगड

तुमच्या कोषागारात स्ट्राँगरूमला दुहेरी कुलूप असतं आणि दोन किल्ल्या दोन माणसांकडे असतात, तेव्हा हे तुम्हाला लगेच समजेल. मी किल्लीची नोंदवही मागितली असती. तिथल्या एका तिजोरीची किल्ली कुणाच्या तरी उघड्यावर ठेवलेल्या पाठपिशवीत असायची, असं तपासनिसांनीच लिहून ठेवलं आहे. त्यानंतर २८ जून २००४ ची रोकडवहीची अखेरची शिल्लक आणि त्या दिवशी प्रत्यक्ष मोजलेली रोकड, दोघांच्या सहीने. हे तीन कागद जुळले नसते तर चौथा मागायला मी थांबलेच नसते, सरळ आक्षेप लिहायला बसले असते.