फिन कडक घ्यावी की मऊ?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी विलेपार्ल्याचा, वय 34. गेल्या डिसेंबरात अंदमानला फ्रीडायव्हिंगचा, म्हणजे एका श्वासावर पाण्याखाली जाण्याचा, बेसिक कोर्स केला आणि तेव्हापासून वेडच लागलंय. कोर्सला पायात घालायच्या प्लास्टिकच्या लांब फिन होत्या, इथे आल्यावर कार्बन फायबरच्या घेतल्या, त्याही हार्डवाल्या, कारण विकणारा म्हणाला कडक फिन म्हणजे स्पीड. आता 25 मीटरच्या पूलमध्ये पाण्याखालून एक लेंथ मारली तरी मांड्या भरून येतात, पोटऱ्यांत गोळे येतात आणि वर आल्यावर आधीपेक्षा जास्त धाप लागते. वेळ आधी 25 सेकंद लागायचा, आता 21. मी कमी पडतोय की फिन?

उत्तर : अहो, कमी तुम्ही पडत नाही आहात आणि कार्बनमध्येही काही वाईट नाही, ते ब्लेड, म्हणजे फिनचं पातं, तुमच्या आजच्या पायांना जड जातंय. पण तुमचे ते चार सेकंद काय भावात पडले ते बघा. पाणी हवेपेक्षा जवळजवळ 800 पट घन, आणि त्यात वेग वाढवला की विरोध वर्गाने वाढतो. आधी तुम्ही सेकंदाला 1 मीटर जात होता, आता साधारण 1.2, म्हणजे विरोध झाला 1.44 पट. तेवढ्याच 25 मीटरला शरीराने 44 टक्के जास्त काम केलं, तेही कमी वेळात, म्हणजे दर सेकंदाला लागणारी ताकद 1.7 पटीच्या वर गेली, आणि श्वास मात्र तोच एक. मांड्यांनी एवढं काम केलं की कार्बन डायऑक्साइड झपाट्याने साठतो, धाप त्याची आहे. अर्थात फार रमतगमत गेलात तरी तोटाच, कारण नुसतं जिवंत राहायलाही ऑक्सिजन लागतोच. म्हणून समुद्रात खाली सोडलेल्या दोरीच्या बाजूने खोल जाणारे बरेच जण सेकंदाला 1 मीटरच्या आसपास राहतात. तुमचा जुना वेग छान होता हो!

आता कडकपणाचं. ब्लेड वाकून पाणी मागे ढकलायला हवं. पायात तेवढा जोर नसेल तर कडक ब्लेड पुरेसं वाकत नाही, मग पाय आपोआप सुटका शोधतो आणि गुडघा वाकतो, सायकल मारल्यासारखा. गुडघा वाकला की मांडी पुढच्या पाण्याला आडवी येते, विरोध अजून वाढतो, आणि तुम्ही अजून जोर लावता. मित्राला बाजूने पाण्याखालचा व्हिडिओ काढायला सांगा, लगेच दिसेल. किक कमरेतून, गुडघा जवळपास सरळ, आणि पाय पुढे-मागे सारखाच जायला हवा, बऱ्याच जणांची मागची किक अगदीच मेलेली असते.

फूट पॉकेट, म्हणजे पाऊल घालायचा फिनचा भाग, तोही तपासा. फिन घालून टाच हलवून बघा, आत बोट जात असेल तर प्रत्येक किकला आधी तो ढिलेपणा भरतो आणि मगच ब्लेड हलतं, जोर तिथेच वाया. निओप्रीनचे मोजे घालून बसत असेल तर उत्तम, नाहीतर पॉकेट बदला.

आणि मान! बहुतेक सगळे भिंत किती लांब आहे ते बघायला डोकं वर काढतात, की छाती वर, कंबर खाली. सिटीलाइटच्या बाजारात सुरमई नीट बघा एकदा, तोंडापासून शेपटीपर्यंत कुठे अडायला जागा नाही, शेपटीच्या आधी अंग किती बारीक होत गेलंय आणि पुढे ती टणक, दोन फाट्यांची शेपटी. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण हनुवटी आत आणि हात कानाला चिकटून एवढं तर जमतं. माझं स्पष्ट मत, आधी हे करा, पैसे खर्च करायचेच असतील तर सॉफ्ट ब्लेड घ्या. कार्बन झटकन परत सरळ होतं म्हणून तेच बरं, फक्त पूलच्या भिंतीवर आपटू नका, तडा जातो.

समुद्रात तर कडक ब्लेडची गरज अजूनच कमी. 10 मीटरवर फुफ्फुसातली हवा निम्मी होते, कमरेच्या पट्ट्याला वजन नीट लावलं असेल तर 10-15 मीटरनंतर शरीर आपोआप बुडायला लागतं, किक बंद. जोर लागतो तो सुरुवातीला आणि तळातून परत निघताना.

एक मात्र कळकळीने सांगते, पूलमध्येही एकट्याने श्वास रोखून लेंथ मारू नका. भराभर श्वास घेऊन उडी तर अजिबात नको. जोडीदार शेजारी हवा, आणि तुम्ही वर आल्यावरही अर्धा मिनिट त्याचं लक्ष तुमच्यावरच हवं.

प्रश्न : मोनोफिनने, म्हणजे दोन्ही पाय एकत्र घालायच्या एकाच रुंद फिनने, खरंच एवढा फरक पडतो का? (ठाण्याची वाचक)

उत्तर : पडतो. 2016 साली फ्रीडायव्हर विल्यम ट्रुब्रिज फिनशिवाय 102 मीटर खोल गेला, 2023 मध्ये अलेक्सी मोल्चानोव्ह मोनोफिन लावून 136 मीटर. मोठं पातं भरपूर पाणी हळू ढकलतं, रुंद वल्ह्यासारखं, म्हणून ताकद कमी वाया जाते. पण त्याला पायांपेक्षा पोट आणि पाठ जास्त लागते. आधी साध्या दोन फिनवर वर्षभर काढा, मग मोनोफिन उधार घेऊन बघा.