ग्रुपवर कुणीच का बोलत नाही?

"मॅडम, माझ्या टीमला कशाचं काही पडलेलंच नाहीये," हे आजकाल बरेच मॅनेजर लोक येऊन सांगतात, म्हणून एका क्लायंटची गोष्ट लिहितेय. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

चाकणकडच्या एका पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत ते क्वालिटी हेड. झोप उडालेली, घरी चिडचिड, आणि सगळा राग टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. हे रिजेक्शनचा, म्हणजे खराब निघालेल्या मालाचा, रिपोर्ट टाकणार, खाली 'सजेशन द्या' लिहिणार आणि मग मेसेज इन्फो उघडून कुणी कुणी वाचलं ते बघत बसणार. वाचलेलं सगळ्यांनी, उत्तर म्हणजे नुसतं 'नोटेड सर' नाहीतर अंगठा. पण कुणाचा वाढदिवस असला की केक आणि फुग्यांचा पाऊस! म्हणजे लोक कामचुकार आहेत, असं त्यांनी ठरवून टाकलेलं.

मी विचारलं, ग्रुपवर शेवटची अडचण कुणी मांडली होती आणि तेव्हा काय झालं? आठवेना. म्हटलं फोन हातात आहे, मागे जाऊन बघा. बराच वेळ स्क्रोल केल्यावर सापडलं, एका नवीन मुलाने लिहिलेलं की दोन गेजची (मापं तपासायच्या साधनांची) कॅलिब्रेशनची, म्हणजे ती अचूक आहेत का हे तपासून घ्यायची, तारीख उलटून गेलीये तरी लाईनवर वापरतायत, आणि त्याखाली यांचं उत्तर, 'हे इथे टाकायची गरज होती का? केबिनमध्ये भेट.' ग्रुपमध्ये प्लांट हेडही होते, त्यामुळे हे घाबरले, ते मी समजू शकते. पण मुलगा खरं बोलला होता आणि त्याला काय मिळालं ते सगळ्या टीमने वाचलं. त्यानंतर त्याचा एकही मेसेज नाही.

लोकांना पडलेली असते हो, पण तोंडी बोललेलं विरून जातं आणि लिहिलेलं राहतं, त्याचा स्क्रीनशॉट फिरतो, अप्रेझलला कुणी पुढे करेल ही भीती असते. मग उगाच साहेबांच्या नजरेत कशाला यायचं, आपण बरं आपलं काम बरं. वाढदिवसाच्या केकमध्ये कसलीच रिस्क नसते ना.

त्यांना मी हार्वर्डच्या प्राध्यापिका एमी एडमंडसन यांचा अभ्यास सांगितला. १९९० च्या दशकात त्यांनी हॉस्पिटलमधल्या टीम्समध्ये औषध देताना होणाऱ्या चुका बघितल्या, तर ज्या टीम्स चांगल्या चालत होत्या तिथेच चुकांची नोंद जास्त, कारण तिथे चूक सांगायला लोक घाबरत नव्हते. क्वालिटीच्या माणसाला हे लगेच पटलं.

मग ते त्या मुलाकडे स्वतः गेले आणि सॉरी म्हणाले, हे त्यांना सगळ्यात जड गेलं. प्लांट हेडचा ग्रुप वेगळा केला, रात्रीचे मेसेज बंद केले, 'सजेशन द्या' ऐवजी लाईनवर जाऊन एकेकाला नेमकं विचारायला लागले. ग्रुप अजूनही तसा शांतच आहे, पण शिफ्ट बदलताना लोक अडचणी सांगायला लागलेत आणि मला तेवढं पुरेसं वाटतं.

आणि तुम्ही स्वतः गप्प बसणाऱ्यांपैकी असाल तर स्वतःला भित्रं म्हणू नका, प्रत्येक ग्रुपवर बोललंच पाहिजे असं काही नाही. फक्त सेफ्टीचा किंवा खराब माल पुढे जाण्याचा प्रश्न असेल तर थांबू नका, ग्रुपवर नको वाटत असेल तर थेट सुपरवायझरला फोन करा आणि नंतर त्यालाच दोन ओळी मेसेज टाकून ठेवा.