औषधाने अपाय झाला, तर नोंद कुठे करावी?

प्रश्न : सांधेदुखीची नवी गोळी सुरू केल्यावर आईच्या अंगावर पुरळ उठले. डॉक्टरांनी गोळी बदलली. पण अशा त्रासाची नोंद आम्हाला कुठे करता येईल का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : होय, आणि ती अवश्य करावी. भारतात 2010 पासून औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रम सुरू असून त्याचे समन्वय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात आहे. नोंद केवळ डॉक्टरांनीच करावी असे नाही. रुग्णांसाठीचा अर्ज मराठीतही आहे, शिवाय 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर माहिती देता येते. रुग्णाची आद्याक्षरे व वय, संशयित औषध, झालेला त्रास आणि कळवणाऱ्याचे नाव एवढे तरी हवेच. म्हणून गोळीचे पाकीट टाकू नका, त्यावरील बॅच क्रमांक उपयोगी पडतो. त्रास औषधामुळेच झाला हे तुम्ही सिद्ध करायचे नसते, संशय पुरेसा असतो. औषध बाजारात येण्यापूर्वीच्या चाचण्यांत मर्यादित रुग्ण असल्याने विरळ दुष्परिणाम तेथे दिसतच नाहीत. ते अशा विखुरलेल्या नोंदी एकत्र आल्यावरच लक्षात येतात, आणि आपल्याकडे बहुतेक घरांत गोळी बदलली की विषय संपतो, याची मला फार खंत वाटते. या नोंदी पुढे स्वीडनमधील उप्साला येथील जागतिक संग्रहात जातात. नोंदीतून नुकसानभरपाई मात्र मिळत नाही.