महास्फोट नव्हे, आणि श्वेतबटूतला बटू

प्रश्न असा आहे : 'जोडताऱ्यांपैकी श्वेतबटू फुटतो, त्याला महास्फोट म्हणावं का? आणि ताऱ्याला बटू कशासाठी म्हणायचं?'

श्वेतबटू (इंग्रजीत व्हाइट ड्वार्फ) म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला, लहान पण अतिशय दाट गाभा. पहिल्याचं उत्तर एका शब्दात : नाही. महास्फोट हा शब्द विश्वाच्या आरंभासाठी, बिग बँगसाठी, मराठीत केव्हाच रुजला आहे. तरी कुठे तारा फुटला की बातमीत 'अवकाशात महास्फोट' येतंच. त्याहून वाईट म्हणजे 'नवताऱ्याचा जन्म'. हे ऐकलं की माझा संताप होतो, कारण जे झालेलं असतं तो जन्म नसतो. टायको ब्राहेला 1572 साली शर्मिष्ठेत पूर्वी नसलेला तारा दिसला. त्याने लॅटिनमध्ये त्याला 'नोव्हा', म्हणजे नवा, म्हटलं आणि आपण त्याचं नवतारा केलं. त्या स्फोटाचा धुळीवर आपटून उशिरा पोचलेला उजेड 2008 साली तपासला गेला, तेव्हा पक्कं झालं की टायकोने पाहिला तो एका श्वेतबटूचा शेवट होता. आज नवतारा म्हणजे श्वेतबटूच्या पृष्ठावरचा भडका, ज्यात तारा शाबूत राहतो. अख्खा ताराच उधळला तर अतिनवतारा, म्हणजे सुपरनोव्हा. अतिदीप्त नवताराही चालेल. महास्फोट चालणार नाही.

आता बटू. मला खरं लिहायचं आहे ते याच्यावर.

काही परिभाषाकारांचा हट्ट आहे की 'बटू' चूक, 'श्वेत खुजा' लिहा. त्यांचा मुद्दा असा की संस्कृतात बटु म्हणजे मुलगा, विद्यार्थी. त्यात ठेंगणेपणा कुठे आहे? मुंजीतल्या बटूला कोणी बुटका म्हणत नाही, हे मान्य. पण व्युत्पत्तीच काढायची तर खुजाची काढा. खुजा आला कुब्जापासून, प्राकृतातल्या 'खुज्ज'वरून. कुब्ज म्हणजे कुबड असलेला! ज्यांना बटूतला विद्यार्थी खटकतो त्यांना खुजातलं कुबड कसं चालतं? स्वतःच्या वजनाने जवळजवळ अचूक गोल झालेल्या ताऱ्याला हा शब्द लावायचा?

बटूला ठेंगणेपणा आला तो वामनामुळे. वामन हा शब्दच मुळात आखूड, ठेंगणा अशा अर्थाचा, आणि बळीच्या यज्ञात तो आला तो मुंज झालेल्या बटूच्या वेषात. दोन्ही शब्द एकाच मूर्तीला चिकटले आणि एकाचा अर्थ दुसऱ्यात झिरपला. म्हणून तर आपण लहानखुऱ्या माणसाला बटुमूर्ती म्हणतो. हा अर्थ मराठीने कमावलेला आहे. संस्कृत कोश उघडून तो खोडता येत नाही.

आणि पुढची गोष्ट बघा. बटूच्या समोर खगोलशास्त्रात कोण असतो? राक्षसी तारा, म्हणजे म्हातारपणी फुगून प्रचंड झालेला. (बळी दैत्य होता, राक्षस नव्हे, हे मला ठाऊक आहे.) जोडीतला तांबडा राक्षसी तारा फुगतो, त्याचं द्रव्य ओघळून बटूकडे जातं. देणाऱ्या ताऱ्याला दाता असंच म्हणतात. पृथ्वीएवढा बटू, त्यात सूर्याएवढं वस्तुमान, आणि तो दान घेतच राहतो. मग एक दिवस कार्बन पेटतो आणि काही सेकंदांत बटूचा त्रिविक्रम होतो. इतकी नेमकी कथा पोटात असलेला शब्द आपल्याकडे असताना खुजा कशाला?

इथे आणखी एक वाक्य खोडतो : 'चंद्रशेखर मर्यादा ओलांडताच बटू फुटतो.' चंद्रशेखरांनी 1930 साली मुंबईहून इंग्लंडला जाताना बोटीवर जे गणित मांडलं, त्यातून निघालेली ही मर्यादा, म्हणजे श्वेतबटूला स्वतःचं वजन पेलता येईल असं कमाल वस्तुमान, सुमारे 1.4 सूर्य वस्तुमानांची आहे. पण कार्बन-ऑक्सिजनचा बटू ती ओलांडत नाही. तो तिच्या अलीकडेच पेटतो. आणि कित्येक बटूंना तिथवरही जावं लागत नसावं. मोठ्या मॅजेलनी मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत, एसएनआर 0509-67.5 नावाचा अशाच स्फोटाचा अवशेष आहे. बळीची कथा तिथे घडली असेल तर स्फोटानंतर दाता तरी उरायला हवा. 2012 साली हबलच्या चित्रांत तो शोधला, मधोमध कोणीच सापडलं नाही. 2025 साली चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीने त्याच अवशेषात कॅल्शियमची दोन कवचं दाखवली. ती दुहेरी स्फोटाची खूण : आधी बाहेरचा हेलियमचा थर भडकला आणि त्याच्या धक्क्याने आतला गाभा, असा दुहेरी स्फोट मर्यादेच्या बराच अलीकडे होऊ शकतो. 2011 साली सप्तर्षीतल्या एम 101 दीर्घिकेत अतिनवतारा दिसला, त्याच्याही जुन्या चित्रांत तेजस्वी राक्षसी तारा नव्हता. म्हणजे पुष्कळदा देणारा आणि घेणारा दोघेही बटूच असावेत, एकमेकांभोवती फिरत जवळ येणारे.

तरी माझा बळी अगदीच हातचा गेलेला नाही. उत्तर मुकुटातल्या टी कोरोनी बोरिॲलिस या जोडीत तांबडा राक्षसी ताराही आहे आणि मर्यादेला टेकलेला बटूही. तिथे 1866 आणि 1946 साली नवतारा दिसला, आणि पुढच्याची वाट जगभरचे निरीक्षक बघत आहेत. तो दिसेल तेव्हाही तो नवताराच असेल, बटू टिकलेला असेल. त्या रात्री कोणी 'महास्फोट' लिहू नये.

क्रियापदही सांभाळा. 'अतिनवतारा फुटला' म्हणू नका. फुटतो तो बटू, दिसतो तो अतिनवतारा. आणि दीर्घ-ऱ्हस्व विचाराल तर एकटा बटू दीर्घ, बटुमूर्तीतला ऱ्हस्व. श्वेतबटूत तो शेवटी आहे, म्हणून दीर्घच.