सहलीसाठी सगळ्यांची आधार कार्डं ग्रुपवर मागवू का?

ताई, इंदूरच्या रामबागेतल्या तुमच्या मंडळाचे 34 जण पंढरपूरला निघालेत आणि आधार, पत्ता, औषधं असं सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवावं का, असं तुम्ही विचारलंत. नका मागवू. पहिल्या दोन सहलींना मीही तेच केलं होतं. आपलीच माणसं आहेत म्हणतो आपण. माणसं आपलीच असतात हो, पण फोन नातवाच्या हातात असतो.

आता मी एवढंच बघतो: ही गोष्ट बाहेर फुटली तर बदलता येईल का? एटीएम कार्ड ब्लॉक करून नवं मिळतं. जन्मतारीख कुठून बदलणार? जे बदलत नाही ते अडल्याशिवाय मागायचंच नाही. आणि अडतं कुठे? रेल्वेच्या तिकिटाला नाव, वय, स्त्री की पुरुष, एवढं पुरतं. ओळखपत्र ज्याचं त्याने जवळ ठेवावं. मुक्कामाच्या ठिकाणी प्रत मागितलीच तर मास्क्ड आधार द्या. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या साइटवरून फुकट उतरवता येतं, 12 पैकी शेवटचे 4 आकडेच दिसतात.

पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून लोक ई-आधार, म्हणजे साइटवरून उतरवलेलं आधार, बिनधास्त पाठवतात. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल! नाव ग्रुपवर दिसतंच, आणि पंचाहत्तरीच्या केकचा फोटो तर गेल्याच महिन्यात सगळ्यांनी पाहिलेला असतो.

औषधांचं मात्र उलटं आहे, ती लपवून भागत नाही. एका सहलीत रात्री दोनला आमच्या एका काकांची साखर उतरली. घाम फुटलेला, बोलणं अडखळतंय, आणि ते इन्सुलिन घेतात हे डब्यात कुणालाच ठाऊक नाही. मग कुणाच्या तरी पिशवीतला गुळाचा खडा कामी आला. तेव्हापासून प्रत्येकाकडून एक बंद पाकीट घेतो: आत आजार, औषधं, घरचा नंबर, वर फक्त नाव. पाकिटं माझ्याकडे, आणि ती कुठे ठेवलीत हे आणखी एकाला माहीत. इंदूरला परतलो की ज्याचं त्याला परत, बहुतेक न उघडलेलं.

पत्ते आणि जाण्या-येण्याच्या तारखा एका कागदावर कधीच नकोत. कुठलं घर किती दिवस बंद, याची आयती यादी होते ती.

ज्या चौघांनी आधीच आधारचे फोटो टाकलेत, त्यांना ते ग्रुपवरून डिलीट करायला आजच सांगा. पण फोन करून. मेसेज केलात तर उत्तरादाखल "हाच का?" म्हणून तोच फोटो पुन्हा येईल.