चीनहून युरोपला रेल्वेने माल निम्म्या वेळात पोहोचतो, तरी बहुतेक लोक जहाजानेच का पाठवतात?

तुमचा प्रश्न असा की चीनमधल्या चोंगछिंगहून जर्मनीतल्या ड्यूसबर्गला गाडी पंधरा-अठरा दिवसांत जाते, मग लोक जहाजासाठी महिना-सव्वा महिना का थांबतात. दिवस मोजण्याआधी कंटेनरमध्ये काय भरलंय ते बघा.

हिशेब सोपा आहे: मालाची किंमत गुणिले व्याजदर गुणिले वाचलेले दिवस, भागिले 365. समजा चाळीस फुटी कंटेनरमध्ये 4 कोटींचे लॅपटॉप आहेत, पैसा 12 टक्क्यांनी उचललाय आणि रेल्वेने 20 दिवस वाचतात. व्याजाचे साधारण 2 लाख 63 हजार रुपये वाचले. त्याच कंटेनरमध्ये 30 लाखांच्या प्लास्टिकच्या खुर्च्या असतील तर वाचतात जेमतेम 19,700. रेल्वेचं जादा भाडं या आकड्यात बसत नसेल तर विषय संपला. अपवाद हंगामी मालाचा: नाताळचा माल जानेवारीत पोहोचला तर व्याजाचा हिशेब कोण करत बसतो?

भाड्यातला फरक कशाने पडतो हे एका आकड्यात कळतं. सगळ्यात मोठ्या जहाजांवर वीस फुटी 24,000 कंटेनर बसतात, एका गाडीवर शंभरच्या आसपास. म्हणजे एका जहाजाचा माल उचलायला जवळपास 240 गाड्या, तेवढी इंजिनं आणि तेवढेच चालक लागतील. रेल्वेचं भाडं बरीच वर्षं आटोक्यात दिसलं, त्यात चीनमधल्या प्रांतिक सरकारांच्या अनुदानाचा मोठा वाटा होता, हेही लक्षात ठेवा.

आता रेल्वेची खरी दुखरी जागा: रुळांची रुंदी. चीनमध्ये 1435 मिलिमीटर, कझाकस्तान-रशिया-बेलारूसमध्ये 1520, पोलंडपासून पुन्हा 1435. फरक फक्त 85 मिलिमीटरचा, पण त्यापायी चीन-कझाकस्तान सीमेवरच्या खोर्गोस किंवा दोस्तिकला एकदा आणि पोलंडच्या मावाशेविचेला किंवा सीमेपलीकडच्या बेलारूसमधल्या ब्रेस्टला दुसऱ्यांदा गाडी रिकामी करावी लागते. दोन रुळांवर दोन गाड्या शेजारी लावतात, ट्विस्टलॉक (कंटेनर वाघिणीला धरून ठेवणारी कुलपं) सोडवतात, क्रेन कंटेनर उचलून पलीकडच्या वाघिणीवर ठेवते. हे काम काही तासांचं. दिवस जातात ते पुढच्या वाघिणींची वाट बघण्यात आणि कागदांत. त्यात पश्चिमेकडच्या गाड्यांची लांबी साधारण 600 ते 740 मीटरमध्ये ठेवावी लागते, त्यामुळे पूर्वेकडून आलेली लांब गाडी तोडून दोन कराव्या लागतात आणि यार्ड तुंबतं. सप्टेंबर 2025मध्ये पोलंडने बेलारूसची सीमा काही दिवस बंद केली तेव्हा गाड्या आहे तिथेच उभ्या राहिल्या. रशिया टाळायचा तर कॅस्पियन समुद्रामार्गे कझाकस्तानच्या अकताऊहून अझरबैजानच्या बाकूला जाणारा रस्ता आहे, पण तिथे कंटेनर आधी जहाजावर चढवा, मग उतरवा. वेळेचा फायदा तिथेच बराचसा संपतो.

जहाजाचीही खात्री देता येत नाही. शांघाय–रॉटरडॅम सुएझमार्गे सुमारे 10,500 सागरी मैल; 16 नॉटच्या (ताशी 16 सागरी मैल) वेगाने 27 दिवस, बंदरांतले थांबे वेगळे. नोव्हेंबर 2023पासून लाल समुद्रात येमेनमधल्या हूथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाल्यावर बहुतेक मोठ्या कंपन्यांनी आफ्रिकेच्या दक्षिणेकडून, केप ऑफ गुड होपचा वळसा घेतला: सुमारे साडेतीन हजार सागरी मैल जास्त, म्हणजे त्याच वेगाने नऊ दिवस.

नवखे हमखास चुकतात त्या गोष्टी पुढे. समुद्रातलं बिल ऑफ लेडिंग मालकीचा कागद असतं, त्याच्या आधारावर बँक एलसीचे (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे विकणाऱ्याला पैसे देण्याची बँकेची हमी) पैसे देते. रेल्वेचं सीआयएम-एसएमजीएस वेबिल (युरोपातल्या आणि पूर्वेकडच्या रेल्वेंचा सामायिक वाहतूक-कागद) मालकी देत नाही, फक्त वाहतुकीचा करार असतो. त्यामुळे एलसीच्या अटी आधी बदलून घ्या, नाहीतर गाडी पोहोचेल आणि पैसे अडकतील. जहाजात माल मुख्यतः डाव्या-उजव्या बाजूला कलतो, रेल्वेत शंटिंगच्या (वाघिणी जोडण्या-तोडण्याच्या) वेळी पुढे-मागे धक्का बसतो. त्यामुळे जहाजासाठी केलेली मालाची बांधणी रेल्वेला तशीच चालवू नका, दाराकडची आणि समोरची पोकळी भरा. हिवाळ्यात कझाकस्तानच्या माळावर पारा उणे तिसापर्यंत उतरतो. रंग, वाईन, पाण्यात कालवलेले गोंद गोठतात, तेव्हा उष्णतारोधक आच्छादन किंवा तापवलेला कंटेनर लागतो.

आणि विमा. 2021मध्ये एव्हर गिव्हन हे कंटेनर-जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकलं, नंतर जहाजाच्या मालकांनी जनरल ॲव्हरेज जाहीर केलं. म्हणजे जहाज सोडवायच्या खर्चात प्रत्येक माल-मालकाचा वाटा. विमा नसेल तर रोख अनामत भरल्याशिवाय कंटेनर सुटत नाही, तुमच्या मालाला ओरखडाही पडला नसला तरी.

जाता जाता, भारतातून युरोपला सलग रेल्वे नाहीच. न्हावाशेव्याहून जहाजाने इराणचं बंदर अब्बास आणि तिथून उत्तरेकडे रशियाला जाणारा मार्ग आहे, पण इराणमधला रश्त–अस्तारा हा रेल्वेचा तुकडा अजून जोडायचाय, तिथे ट्रक लागतो.

मला विचाराल तर सगळा माल एकाच मार्गाने कशाला? नव्या मालाचे पहिले दोन कंटेनर गाडीने पाठवून दुकानं भरा, उरलेला जहाजाने मागून येऊ द्या.